मांजरीच्या डोळ्यातली दवाई

आमच्या तलावावर माह्यासारखी तेज नजर कोणाचीच नोहती. पाणी नुसतं हाललं का मी काठावरून सांगत होतो, खाली रोहू हाये का मरळ. घरच्या मांजरीचा डोळा बिघडला, हे मात्र मले सगळ्याईच्या मांगून दिसलं, अन् तेबी बायकोनं माह्यी मान धरून तिकडं फिरवली तवा.

साल काही ध्यानात नाई. मी शाळेत गेलोच नाई, त सालं मोजाले मले कोण शिकवन. पण नायलॉनचं जाळं आमच्या गावात नवं नवं आलं होतं, एवढं पक्कं. उंदीर ते रातभर कुरतडत, अन् जाळं राखाचं काम मांजरीकडे होतं. मांजर बायकोची. मांजरीची माय मेली तवा पिल्लाचे डोळेबी उघडले नोहते. बायकोनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून तिले वाचवलं. माह्यासंग बायको कामापुरती बोले, मांजरीसंग मात्र सारा दिवस.

मांजरीचे डोळे हिरवे होते. त्यातला एक गढूळ झाला, हिरव्याचा मातकट लाल झाला, अन् बाहुली एकदम बारीक. उजेडात आली का डोळा मिटे, पाणी गळे. मंग धानाच्या कोठीमांगं अंधारात जाऊन बसे. मी म्हणलो, कचरा गेला असन, निघून जाईन. बायकोनं त्या दिवशी चूलच पेटवली नाई. मंग मले समजलं का हे काम मोठं हाये.

लाखनीले ढोराचा दवाखाना होता. मांजर न्यावी कशात? मासोळ्या ठेवाच्या टोपलीत घातली, वरून जुनं जाळं बांधलं. बसमधी बाजूचा माणूस वास घेऊन विचारे, कशी दिली गा? मी म्हणलो, इकाची नाई, घरचीच हाये. तेवढ्यात टोपली म्याव म्हणाली. तो माणूस उठून पुढच्या सीटवर जाऊन बसला.

डॉक्टर बैलं-म्हशीचा. मांजर पाहून आधी हासला, पण मंग त्यानं बॅटरी लावून लय वेळ पायलं. बाहुलीभोवती जो रंगाचा पडदा असते, तोच आतून सुजला म्हणे. वरून धुवून काही होत नाई. त्यानं दोन बाटल्या देल्या. एक सूज उतरवाची. दुसरीनं बाहुली मोठी राहते; ती तशी नाई ठेवली त पडदा मांगच्या भिंगाले चिकटते, अन् डोळा जाते. अजून एक गोष्ट त्यानं बजावून सांगतली होती. पण वापस येताना मी साऱ्या बसले टोपलीच्या म्यावचा किस्सा सांगत आलो, अन् ते बोलणं रस्त्यातच कुठं तरी सांडलं.

घरी बायकोनं मांजर पदरात गुंडाळून धरली, मी दुसऱ्या बाटलीचा थेंब टाकला. घडीभरात मांजरीच्या तोंडातून फेस. पांढरा, साबणासारखा. मांजर मान झटके, लाळ गाळे. बायकोचा चेहरा उतरला. ती एवढंच म्हणाली,

"जहर पाजलं न जी तुमी तिले."

तवा मले आठवलं. डॉक्टरनं हेच सांगतलं होतं, का दवाई डोळ्यातून घशात उतरते, लय कडू असते, मांजरीले फेस येते, घाबराचं नाई. मी ते सांगतलं. पण फेस आल्यावर सांगतलेली गोष्ट कोण खरी मानते? तिनं बाटली छपरात खोचून देली अन् म्हणाली, आता एक थेंब पडू देणार नाई. दवाई थांबली का डोळा जाणार, हे मले मालूम होतं. मी बाटली काढली अन् तिच्यापुढं माह्या डोळ्यात थेंब टाकला. एकात टाकला त म्हणन, दुसरा राखून ठेवला. म्हून दोन्हीत टाकला.

घसा कडू झाला. फेस काही आला नाई. मी छाती काढून म्हणलो, पाय, जित्ता हावो. अन् आंगणात गेलो त ऊन असं डोळ्यात घुसलं का मी कुडाले जाऊन धडकलो.

मंग बरेच दिवस माह्या बाहुल्या घुबडावानी. दूरचं कसंबसं दिसे, जवळचं सारं धुरकट. जाळ्याची गाठ काही दिसे ना. मी जाळं शिवाले बसलो अन् माह्या धोतराचा काठच त्यात गुंतवला. शेवटी मीबी कोठीमांगं अंधारात जाऊन बसलो, मांजरीच्या बाजूले. ही मांजर मले पाहून कधी शेपटी हालवत नोहती. पण तिथं ती माह्या मांडीले टेकून बसे. उजेडाची तिरीप आली का आमी दोघंबी संगच डोळे मिटत होतो.

बायको येऊन आधी मांजरीले दवाई टाके. मंग भात आणे. मले काटे दिसत नोहते, त ती मासोळीचा एक एक काटा बोटानं चाचपून काढे. एक घास माह्या हातावर, एक मांजरीपुढं. लग्नानंतर एवढ्या जवळ ती किती तरी दिवसानं बसली होती. मले वाटे, डोळे असेच राहिले तरी काय बिघडते.

मंग आमी दोघं मांजर घेऊन लाखनीले गेलो. डॉक्टरनं बॅटरी लावली. सूज उतरली होती, हिरवा रंग वापस आला होता. बाहुली जराशी वाकडी राहीन म्हणे, पण दिसन तिले, उंदीर धरन. बायकोनं मांजरीचं डोकं छातीले लावलं अन् डोळ्याले पदर लावला. मंग डॉक्टरनं माह्याकडं पायलं, तुह्या डोळ्याले काय झालं गा? मी मोठ्या ऐटीत सारं सांगतलं, का मी माह्या डोळ्यात टाकून दाखवली, म्हून हिनं भरोसा ठेवला, म्हून डोळा वाचला.

बायको म्हणाली, "ह्याइच्या डोळ्याले कोण पायते, डॉक्टर सायेब? हे तिकडं कुडाले धडकून राहिले होते, तवा मांजर उठली अन् मासोळी खाल्ली. म्हून मी दवाई सुरू ठेवली."