अर्ध्या कागदाची परीक्षा

सालोमत ओपा, आमच्याकडे ओपा म्हणजे ताई, कॉलेजात वरच्यांच्या डोळ्यांत खुपायच्या. बुखाऱ्याचा उन्हाळा दरसाल चढत चाललेला, नव्या घरांच्या भट्ट्या होतायत, आणि या बाई घरं आखणारी नि बागा आखणारी पोरं एकाच टेबलाला बसवायच्या. दोघांत मिळून एकच कागद. आधी घर काढून मग उरल्या जागेत झाडांचे हिरवे गोल ठोकणाऱ्याची खैर नसे.

"मुलगा झाला तेव्हा तुझ्या आज्याने काय लावलं?"

"पॉप्लर, ओपा."

"कशाला?"

"त्याच्या घराच्या तुळयांना."

"मग आधी घर की आधी झाड? बोल की आता!"

मी शेजारच्या खोलीत तुळयांचं गणित शिकवायचो. भिंतीपलीकडचा तो वर्ग मला माझ्या वर्गापेक्षा आवडायचा, खोटं कशाला बोलू.

जूनमध्ये डीन मन्सूर हकीमोविच यांनी फर्मान काढलं. दोन विभाग, रस्त्याच्या दोन बाजूंना दोन इमारती, एकत्र वर्ग बंद. ओपा तडक त्यांच्या खोलीत शिरल्या. मागे मी, आणि मुहय्यो नि दावलत ही विद्यार्थ्यांची जोडी. ओपांनी या दोघांचा नकाशा टेबलावर पसरला, वर कात्री ठेवली.

"घर एकीकडे, बाग एकीकडे. कापा तुम्हीच."

द्राक्षाचा मांडव छताच्याच खांबांवर चढलेला, पाण्याचा पाट बैठकीखालून गेलेला. डीननी कात्री दोनदा टेकवली, दोनदा उचलली. मग चिडून मधोमध चालवली.

"झालं समाधान?"

"तुमचं झालं ना? मग झालं."

बाहेर येताच मुहय्योला रडू फुटलं. "ओपा, वेल माझ्याकडे आली नि खांब याच्याकडे गेले!"

"रडतेस काय वेडे? पेपर तयार झाला आपला."

मला वाटलं, बाई हरल्या, उगाच अवसान आणतायत. फार वाईट वाटलं मला.

शरदात दोन्ही इमारतींत ओपांचा घरी सोडवायचा पेपर वाटला गेला. त्याच कापलेल्या नकाशाचा एकीकडे घराचा अर्धा, दुसरीकडे मांडवाचा. खाली एकच ओळ: उरलेलं पूर्ण करा, समोरच्या इमारतीतल्या कुणाच्या तरी कागदाशी कडा जुळली नाही, तर दोघंही नापास.

दुपारपर्यंत अंगणातल्या तुतीखाली पोरांची झुंबड उडाली. डीन धावतच खाली आले.

"एकत्र वर्ग मी बंद केलाय, सालोमत!"

ओपा बाजेवरून उठल्यासुद्धा नाहीत.

"वर्ग कुठे घेतेय मी? चहा पितेय. तुम्हीही इकडे या, तिथे ऊन लागतंय."