पाणी टाकू नकोस

त्याला सगळे वकील म्हणायचे. कोर्टाची पायरी तो जन्मात चढला नव्हता. चौदाव्या वर्षी त्यानं हातात पाना घेतला, तो साठी उलटली तरी खाली ठेवला नव्हता. पण गाडी घेऊन आलेल्या माणसाची तो अशी उलटतपासणी घ्यायचा, की आपणच काहीतरी गुन्हा केलाय असं त्या बिचाऱ्याला वाटायला लागायचं. आवाज येतो म्हणता? कधी येतो? वळताना की ब्रेक दाबताना? तुम्ही स्वतः ऐकलात की बायकोनं सांगितलं? एवढं खोदून खोदून विचारायचं आणि त्यातल्या एका अक्षरावर विश्वास ठेवायचा नाही, अशी त्याची तऱ्हा.

त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मागच्या भिंतीवर खडूनं एक उभी रेघ मारलेली होती. रेघेच्या डावीकडे मालक काय म्हणतो ते लिहायचं, उजवीकडे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं ते. दुरुस्ती व्हायची ती फक्त उजवीकडची. अंदाजानं पार्ट बदलणाऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. चार नवे पार्ट घालून बघायचे, त्यातला एखादा लागू पडला की मिशीवर ताव द्यायचा, याला काय मेकॅनिक म्हणायचं? या हट्टापायी बरीच गिऱ्हाइकं तुटली. जी टिकली, ती मात्र त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला बॉनेटला हात लावू द्यायची नाहीत.

दोन महिने झाले, भिंतीवर एका गाडीची डावी बाजू तीनदा लिहून झाली होती आणि उजवी कोरीच होती. गाडी त्याच्या धाकट्या बहिणीची होती, बेबीची. बेबीनं पंचावन्नी गाठली होती, शाळेच्या ऑफिसात तिला बघून शिपाई विडी विझवायचे, पण घरात ती बेबी ती बेबीच. गाडीचं वय सव्वीस. आई बेबीकडेच राहायची आणि तिला तपासणीसाठी चाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं ते याच गाडीतून. पंचवीसेक मिनिटं चालली की गाडी दोन आचके द्यायची आणि बंद पडायची. मग किल्ली कितीही फिरवा, इंजिन नुसतं घरघरायचं. पाऊण तास बॉनेट उघडं टाकून रस्त्याच्या कडेला थांबलं, की जणू काही झालंच नाही अशी निमूट सुरू व्हायची.

"दादा, गरम झाली की बंद पडते, एवढं साधं आहे," बेबी म्हणाली होती.

"माझ्यासमोर पडली का?"

"तुझ्यासमोर कशी पडेल? माझ्या घरापासून तुझी शेड दहा मिनिटांवर आहे!"

त्यानं शेडमध्ये तासभर इंजिन चालू ठेवून पाहिलं, एकदा गावात फिरवूनही आणली. गाडीनं साधी उचकी दिली नाही. "तू चोक ओढून ठेवत असशील," तो म्हणाला आणि बेबी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

खरं तर पहिल्याच दिवशी त्याला कॉइलचा संशय आला होता. बॅटरीचा साधा करंट ठिणगी पडण्याइतका जोरकस करायचा, एवढंच काम करणारा तो डबा. म्हातारा झाला की गरम झाल्यावर हातपाय गाळतो आणि गार झाला की पुन्हा कामाला लागतो. पण अगदी अशीच लक्षणं कंडेन्सरची, म्हणजे त्याच ठिणगीच्या वाटेवर बसणाऱ्या बोटाएवढ्या डबीचीही असू शकतात. दोघांपैकी कोण, हे गाडी त्याच्यासमोर गरम होऊन बंद पडल्याशिवाय कळणार नव्हतं. दोन्ही बदलून मोकळं होता आलं असतं. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. वकील गाडी बंद पडायची वाट बघत बसला.

त्या मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला बेबी गाडी घेऊन शेडच्या दारात आली आणि काचेतूनच म्हणाली, "बस." आईला हॉस्पिटलात ठेवून तेव्हा पाच दिवस झाले होते. नर्सचा फोन आला होता. आजी शुद्धीवर आहेत, बोलतायत, पण घरच्यांनी उशीर करू नये.

वकिलाची स्वतःची गाडी वर्षभर विटांवर उभी होती, इंजिन बाहेर काढलेलं. लोकांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या घरी असंच असतं. त्यानं हात पुसले, हत्यारांची पेटी मागच्या सीटवर टाकली आणि बेबीला बाजूला सरकायला सांगून स्वतः चालवायला बसला. चालवणारा नीट असला की गाडी बंद पडत नाही, असं दाखवून द्यायची खुमखुमी अशा वेळीही त्याच्या मनात होती. नंतर त्याला स्वतःचीच शरम वाटली, पण होती हे खरं.

गाडी गावाबाहेर पडली. बेबी मांडीवरच्या पिशवीचे बंद पिळत होती. पिशवीत आईचा चष्मा होता, तो घरी राहिला होता. निम्मं अंतर तोडलं आणि चढावर गाडीनं पहिला आचका दिला. मग दुसरा. त्यानं कशीबशी ती मैलाच्या दगडाशेजारी कडेला घेतली आणि इंजिन गप झालं.

बेबीनं डोळे मिटून घेतले. वकिलानं किल्ली फिरवली, इंजिन घरघरलं, पेटलं नाही. आणि मग त्याला जे वाटलं ते त्यानं पुढे कुणालाही सांगितलं नाही. त्याला बरं वाटलं. दोन महिने हुलकावणी देणारी खोड सापडली होती एकदाची, गरमागरम, त्याच्यासमोर.

त्यानं बॉनेट उघडलं आणि कामाला लागला. आधी कार्बोरेटरमध्ये डोकावला. हातानं ॲक्सिलरेटरची दांडी ओढल्यावर पेट्रोलची धार पडत होती, म्हणजे पेट्रोलची तक्रार नव्हती. मग पेटीतला एक प्लग वायरीला जोडला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि बेबीला किल्ली फिरवायला सांगितली. ठिणगी नाही. कॉइलपर्यंत करंट येतोय का, ते दिवा लावून पाहिलं. येत होता. कॉइलवर तळहात ठेवला आणि चटकन मागे घेतला. तवा तापावा तशी तापली होती.

"दादा, पाणी टाक ना तिच्यावर," बेबी बाटली घेऊन उतरली. "गार झाली की सुरू होते. मला माहितीये."

"पाणी टाकू नकोस!" तो ओरडलाच. "गार झाली की पुरावा गेला. परत कधी सापडायची ही?"

"आत्ता पुरावा हवाय तुला?"

"कॉइल की कंडेन्सर, एवढंच बघायचंय. दहा मिनिटं."

बेबी रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि येईल त्या गाडीला हात करू लागली. चार गाड्या तशाच गेल्या. पाचवा गाद्या वाहणारा टेम्पो थांबला. ड्रायव्हर भला माणूस होता. हॉस्पिटलावरूनच जातोय, म्हणाला, दोघंही बसा पुढे.

"दादा, चल."

तो पेटीतला जादा कंडेन्सर शोधत होता. मान वर न करता म्हणाला, "तू हो पुढे. मी आलोच मागून. सापडलंच आहे."

"आई वाट बघतेय रे."

"आलोच म्हटलं ना!"

बेबी टेम्पोत चढली. दार आपटलं, टेम्पो गेला. तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

आता त्याच्या आयुष्याची गोष्ट सांगायची तर हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही की वकील घाबरला होता. आईच्या हाताला लावलेल्या नळ्या त्यानं पाच दिवसांत एकदाच पाहिल्या होत्या आणि पाणी आणतो सांगून खाली व्हरांड्यात जाऊन बसला होता. पलंगाशेजारी बसायचं म्हणजे काय करायचं, हात धरायचा की पाय चेपायचे, काय बोलायचं, यातलं काही त्याला येत नव्हतं. बॉनेटखाली त्याला सगळं येत होतं. तिथं प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. पण त्या क्षणी विचारलं असतं तर त्यानं हे कबूल केलं नसतं. तो म्हणाला असता, काम अर्धवट कसं सोडायचं?

जुना कंडेन्सर काढला. त्याचा बारीक स्क्रू हातातून निसटून खाली पडला, तो गाडीखाली पालथं पडून शोधला. नवा बसवला. किल्ली फिरवायला आता कोणी नव्हतं, म्हणून स्टार्टरला तिथूनच तार लावून इंजिन फिरवलं आणि प्लगकडे पाहिलं. ठिणगी नाही. म्हणजे कॉइलच. पुरावा मिळाला. मग त्यानं फडकं भिजवून कॉइलला गुंडाळलं, वरून थोडं थोडं पाणी मुरवत राहिला, आणि दहा मिनिटांत गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली.

तो सव्वाबाराला वॉर्डात पोचला. आई बारा वाजून पाच मिनिटांनी गेली होती. बेबी पलंगाशी उभी होती, तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि बाजूला होऊन त्याला जागा करून दिली. त्याचे हात काळे होते. त्या हातांनी आईला शिवावं की नाही हे त्याला कळेना, म्हणून तो तसाच उभा राहिला.

पुढच्या दिवसांत माणसं आली, गेली. बेबी कामापुरतं बोलत होती. दहा-बारा दिवसांनी तिनं गाडी शेडमध्ये आणून लावली आणि स्टुलावर बसून राहिली. त्यानं नवी कॉइल बसवली, पंधरा मिनिटांचं काम. फिरवून आणायला हवी, म्हणाला. बेबीही शेजारी येऊन बसली. दोघं त्याच रस्त्याला लागले, वेगळा रस्ता घ्यायचं दोघांपैकी कुणाला सुचलं नाही. तो चढ आला. गाडी एकही आचका न देता चढून गेली.

चढ संपल्यावर बेबी समोर बघतच बोलली. "मी पोचले तेव्हा आईनं पहिलं तुझंच विचारलं. दादा कुठाय?"

ॲक्सिलरेटरवरचा त्याचा पाय आपोआप सैल पडला.

"मी म्हटलं, गाडी बंद पडलीय, दुरुस्त करतोय. तर म्हणाली, मग करू दे त्याला. अर्धवट सोडायची सवय नाही त्याला. येईल." बेबीनं काच खाली केली. "आणि मग दाराकडे बघत राहिली."

वकिलानं गाडी कडेला घेतली. तो रडला, तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखा. बेबीनं त्याला रडू दिलं. बऱ्याच वेळानं त्यानं नेहमीच्या सवयीनं विचारलं, "किती वेळ बघत होती?"

"वीस मिनिटं," बेबी म्हणाली.

ती वीस मिनिटं कुठे गेली ते त्याला ठाऊक होतं. टेम्पो गेल्यावर कंडेन्सर बदलून बघायला त्याला तेवढीच लागली होती.