एका फुलाला एक तुकडा

"कारण सांगा."

कुणी "नाही" म्हटलं की आमच्या लॅबच्या बाई कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या आणि हे दोन शब्द म्हणायच्या. आवाज चढवायच्या नाहीत. समोरच्यानं कारण दिलं की ते नीट ऐकून घ्यायच्या आणि आठवड्याभरात त्या कारणाचा निकाल लावून परत दारात हजर व्हायच्या. तुमच्या गल्लीत असं माणूस असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, त्याला खोटं कारण सांगणं किती अवघड जातं ते. आमच्या कोल्हापुरातल्या कॉलनीनं मात्र त्यांना वर्षानुवर्षं खोटीच कारणं सांगितली. खरं एकच होतं आणि ते कुणी तोंडातून काढलं नाही. त्या बौद्ध होत्या, आणि त्यांच्या हातचं कुणाला खायचं नव्हतं.

एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या सहायक होत्या, म्हणून लॅबच्या बाई. नव्वद सालानंतर लगेचच त्यांनी आमच्या समोरचं घर बांधलं. नवरा, एक मुलगी आणि त्या. माहेर हातकणंगल्याजवळच्या खेड्यात. कॉलनीत गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन सगळ्यात आधी त्यांच्याकडं आला. मुलांच्या जर्नलसारखी त्यांनी एक वही केली होती आणि प्रत्येक केक त्यात साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशा क्रमानं लिहून ठेवायच्या. मी एकदा चाळली होती. एका पानावर अनुमान होतं, "मध्ये बसला. घाई केली. परत करणे."

झाडांचंही तसंच. गच्चीवर त्यांनी मातीशिवाय बाग करायचं काढलं. माहेरहून उसाचं पाचट पोत्यात भरून एस.टी.च्या टपावर टाकून आणायचं, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत दाबायचं, वर घरातला ओला कचरा आणि मूठभर माती. त्यात वांगी, टोमॅटो, दोडका. सलाईनच्या रिकाम्या बाटल्या उलट्या टांगून थेंबथेंब पाणी सोडायच्या. खताचं पाणी लिटमसच्या कागदानं तपासायच्या. गच्ची गळेल म्हणून कॉलनीतले दोन पुरुष त्यांना समज द्यायला गेले, तर बाईंनी त्यांना खालच्या खोलीत नेऊन छत दाखवलं आणि म्हणाल्या, "ओल कुठं हाय ते दाखवा, लगेच काढते सगळं." दोघांनी छताचा कोपरा न् कोपरा बघितला आणि घरी आले.

आता पहिल्या केकचं सांगते. मुलीचा पाचवा वाढदिवस होता. म्हशीच्या दुधाचं लोणी घालून बाईंनी मोठा चॉकलेटचा केक केला, तुकडे बटर पेपरात बांधले आणि मुलगी नवा फ्रॉक घालून घरोघर देऊन आली. आमच्याकडं माझ्या सासूबाईंनी पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सकाळी कचऱ्यात टाक. पोरासमोर उघडू नगं."

सकाळी मी कोपऱ्यावरच्या कोंडाळ्यात डबा उपडा केला. आमच्या पुडीच्या आधी तिथं सात-आठ पुड्या पडलेल्या होत्या. मागं वळले तर बाई. कॉलेजला निघाल्या होत्या, खांद्याला पर्स. मला वाटलं आता भांडण. त्यांनी पर्समधून पिशवी काढली, झटकली आणि म्हणाल्या, "वहिनी, जरा सरका." एकेक पुडी उचलून पिशवीत भरली. मी रिकामा डबा धरून उभी. "लोणी हाय, दूध हाय. खतात घालते. झाडांचं काय म्हणणं नसतं." त्या पिशवीसकट परत घरी गेल्या. त्या दिवशी त्यांना कॉलेजला उशीर झाला असणार. माफी मागायला माझ्याकडं तोंड होतं, पण ते उघडलं नाही.

एखादी दुसरी बाई यानंतर गप्प बसली असती. या बाई मात्र आठवड्याभरानं दारोदार गेल्या. केक का आवडला नाही, कारण सांगा.

एकीनं सांगितलं, आमच्यात अंडं चालत नाही. हे सांगणाऱ्या घरात रविवारी सकाळपासून मटणाचा रस्सा शिजायचा आणि त्याचा वास अख्ख्या गल्लीला पुरायचा. बाईंनी मान डोलवली आणि पुढच्या खेपेला दही घालून बिनअंड्याचा केक केला. दुसरी म्हणाली, इसेन्समध्ये दारू असते म्हणे. बाईंनी जायफळ घातलं. तिसरीला साखर सोसत नव्हती, तर बाईंनी माहेरच्या गुऱ्हाळातली काकवी आणून तिच्यात कोको कालवला. तो काकवीचा केक इतका काळाभोर आणि मऊ झाला की ओव्हनचं झाकण उघडलं की गल्लीतली पोरं खेळ थांबवून उभी राहायची. मोठ्यांची कारणं मात्र संपत नव्हती. शनिवार आहे, श्रावण आहे, दात दुखतोय, आत्ताच जेवलोय.

"दात दुखतोय" म्हणणाऱ्याला बाईंनी विचारलं होतं, "कुठला?"

मला त्या वेळी त्यांचा रागही यायचा. कशाला इतकं मागं लागावं? मान आहे, नोकरी आहे, घर आहे. लोक खात नाहीत तर नाही. एकदा मी हे बोलूनही दाखवलं. तोवर आमची बऱ्यापैकी ओळख झाली होती. सासूबाई देवळात गेल्या की मी गुपचूप त्यांच्या गच्चीवर जायची आणि तिथं उभ्यानं केकही खायची. बाई गोणीत पाचट दाबत होत्या. म्हणाल्या, "माझी पोरगी पुड्या वाटून आली तवा किती खूश होती. दुसऱ्या दिवशी विचारत होती, लोकांस्नी आवडला का गं. मी व्हय म्हटलं. ते खोटं हाय तवर मी थांबणार न्हाय." असं म्हणून त्यांनी गोणीवर पाय देऊन पाचट आणखी खाली दाबलं.

कुंपणाच्या भिंतीलगत त्यांनी पाचटाच्याच खतावर जास्वंदी लावल्या. एका खोडावर कलमं बांधून तांबडी, पिवळी आणि पांढरी अशी तीन रंगांची फुलं आणली. पहिलं कलम वाळलं, दुसरं वाळलं, तिसरं धरलं. त्या झाडाला फुलं इतकी यायची की भिंतीवरून रस्त्यावर वाकायची. आणि मग पहाटेची मंडळी सुरू झाली. ही जमात तुम्ही पाहिली असेल. हातात प्लास्टिकची पिशवी, फांदी ओढायला आकडा बांधलेली काठी आणि दुसऱ्याच्या कुंपणातली फुलं आपल्या देवाला. केक नाकारणारी सगळी घरं त्यात होती. आमचंही होतं. सासूबाईंच्या गणपतीला तांबडी जास्वंद लागायची आणि ती तोडून आणायचं काम माझ्याकडं होतं.

बाईंनी वर्षभर काही म्हटलं नाही. मग एका पहाटे भिंतीवर पाटी दिसली. पाटीच, मुलीची जुनी दगडी पाटी, तारेनं अडकवलेली. तिच्यावर खडूनं लिहिलं होतं, "एका फुलाला एक तुकडा. इथंच खायचा." आणि खाली खुर्ची टाकून, स्वेटर घालून बाई स्वतः. मांडीवर केकचा डबा.

पहिले आले ते एक रिटायर मास्तर. पाटी वाचून म्हणाले, "हे काय हो?"

"फूल पायजे न्हवं देवाला?"

"हो."

"माझ्या पाचटातलं, माझ्या हातचं फूल देवाला चालतंय. मग माझ्या हातचा केक तुम्हाला का चालत न्हाय? कारण सांगा."

मास्तरांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. रस्त्यावर काठी घेऊन मी एकटीच होते. त्यांनी तुकडा घेतला आणि पाठ फिरवून खाल्ला. मग म्हणाले, "दोन फुलं लागतात मला." आणि दुसरा तुकडा घेतला.

दुसऱ्या दिवशी गल्लीत कुजबूज. आठवडाभर पिशव्या आल्या नाहीत आणि जास्वंदी झाडावरच मिटल्या. मग एकेक जण यायला लागलं, मास्तर खातात म्हटल्यावर आम्हाला काय, असं म्हणत. संकष्टीला उपासाची सबब निघाली, तर पुढच्या संकष्टीला बाईंनी राजगिऱ्याच्या पिठाचा केक केला. कोको उपासाला चालतो की नाही यावर भिंतीपाशी चांगला अर्धा तास खल झाला. मास्तरांनी निकाल दिला, की पोथीत कोकोचं नाव नाही, म्हणजे मनाईही नाही.

सासूबाई मात्र बधल्या नाहीत. कॉलनीतल्या बायका कुणाकडं काय खायचं हे त्यांच्याकडं बघून ठरवायच्या, आणि बाईंनाही ते माहीत होतं. मी फुलं आणायची, त्याबद्दलचा तुकडा भिंतीपाशी खाऊन यायची. सासूबाई फूल गणपतीला वाहायच्या आणि म्हणायच्या, "मी काय खाल्लेलं न्हाय." बाई मला चिडवायच्या, "सासूबाईंचा वाटा तुम्हीच खाताय व्हय? खावा. त्यांचा अजून शिल्लक हाय म्हणून सांगा."

वर्षं गेली. मुलगी शिकायला पुण्याला गेली. रोजचे काही तास वीज जायला लागली आणि ओव्हनमधला केक अर्ध्यात बसायला लागला, तेव्हा बाईंनी कुकरमध्ये वाळू घालून गॅसवर केक करायला सुरुवात केली. त्याच सुमारास सासूबाई आजारी पडल्या. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. पेज नको, मऊभात नको. एका दुपारी समोरून भाजल्या कोकोचा वास आला आणि त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "त्या बाईचा एक तुकडा आण जा."

मी धावतच गेले. मला वाटलं, झालं, जिंकल्या बाई. त्यांनी कुकरचं झाकण लावलं आणि हात पुसला.

"पाठवणार न्हाय."

"अहो, आजारी आहेत त्या."

"बऱ्या झाल्या की येऊ द्यात. हितं बसायचं, हितं खायचं. चोरून पुडी पाठवायला मी आता रिकामी न्हाय."

मी रागानं परतले. इतकं कसलं ते, म्हाताऱ्या माणसाशी? सासूबाईंना सगळं सांगितलं. दोन दिवस कुशीवर वळून पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी चार वाजता उठून बसल्या, धुवट लुगडं नेसल्या आणि म्हणाल्या, "काठी दे."

रस्ता ओलांडायला आम्हाला बराच वेळ लागला. गल्लीतली दारं उघडी होती आणि दारांत माणसं होती. बाईंनी बुद्धाच्या तसबिरीखालच्या खुर्चीत सासूबाईंना बसवलं आणि घरातल्या रोजच्या बशीत काकवीच्या केकचा तुकडा आणून दिला. तसल्याच बशीत मला दिला, तसल्याच बशीत स्वतः घेतला.

"आमच्यात पावण्यांची बशी वेगळी नसते," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी बशीकडं बघितलं. तुकडा मोडला, तोंडात टाकला, बराच वेळ घोळवला.

"लोणी म्हशीचं हाय न्हवं?"

"व्हय."

"मग बरं." त्यांनी बशी पुसून खाल्ली. मग म्हणाल्या, "पाणी दे बाई." ते त्या घोट घोट करत तांब्या संपेपर्यंत प्यायल्या. बाई आत गेल्या आणि जरा वेळानं बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी पुण्यातनं कवा येणार हाय?"

इथं थांबले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं आणि मलाही. पण एक गोष्ट मी आतापर्यंत तुमच्यापासून लपवली. आमच्या स्वयंपाकघरात मागच्या दाराजवळच्या फळीवर निळ्या काठाचा एक कप वेगळा ठेवलेला असे. बाई रोपं द्यायला, बी मागायला आल्या की चहा त्यांना त्या कपात. ठेवला होता सासूबाईंनी, पण चहा ओतणारी मी. गच्चीवर त्यांच्या हातचा केक खाणारी, स्वतःला फार सुधारलेली समजणारी मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्याकडं आल्या. सासूबाई आनंदानं उठून बसल्या आणि मला म्हणाल्या, "चहा टाक." मी चहा केला, गाळला आणि बशीवर ठेवून बाहेर आणला. सासूबाईंनी माझ्या हाताकडं बघितलं आणि मान खाली घातली. तेव्हा मला कळलं, की मी निळ्या काठाचाच कप घेऊन आले होते. कुणीही सांगितलं नव्हतं. हात आपोआप त्या फळीकडं गेला होता.

बाईंनी कप घेतला, चहा शेवटपर्यंत प्यायला आणि कप माझ्या हातात देत हळू म्हणाल्या, "वहिनी, म्हातारी सुटली. तुम्हीच अडकलाय."

त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली, पहिल्या पुडीपासूनची. त्यांनी ऐकून घेतलं. "ठीक हाय" असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि म्हणाव्यात अशी अपेक्षा करायचा मला हक्कही नव्हता. पण त्यानंतर त्या येत राहिल्या आणि आमच्या घरी हाताला येईल त्या कपात चहा पीत राहिल्या. पुढं सासूबाई गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी बाईही गेल्या, रिटायर व्हायच्या आधीच.

तो कप मी फोडला नाही. फोडून मोकळं होणं फार सोपं होतं. रोज सकाळचा चहा मी त्यातच पिते. परवा सुनेनं विचारलं, "आई, तुमचा कप वेगळा का?" मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं.