आमचा कॅपुचिन हटणार नाही!

जबलपूरच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या म्युझियममध्ये दोन गोष्टी कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच साचतात. धूळ आणि किस्से! धूळ रामदीनजी झाडतात, किस्से मी पसरवतो. मीठमसाला माझा, बाकी सगळं खरं.

बहुतेक किस्से एकाच काचेच्या कपाटातले. त्यात पेंढा भरलेलं कॅपुचिन माकड बसलंय. मूळ राहणार ॲमेझॉनचं जंगल, दक्षिण अमेरिका. डोक्यावर काळा तुरा, शेपटी फांदीला गुंडाळलेली, आणि चेहरा असा, की जणू आपणच त्याच्या घरात घुसलोय!

*

रामदीनजी, आमचे लॅब अटेंडंट, दर मंगळवारी त्याला शेंदूर लावायचे. विभागप्रमुख पोहरकर मॅडम एकदा वैतागल्याच.

"अहो, हा आपल्याकडचा नाही! नाक बघा. चपटं, नाकपुड्या दोन बाजूंना. आपल्या माकडांच्या खाली असतात."

"तो क्या हुआ मैडम? हनुमानजी समुंदर लाँघ गए, ये नहीं लाँघ सकता?"

मॅडमनी हातच जोडले! कारण शास्त्रज्ञही म्हणतात, या माकडांचे पूर्वज आफ्रिकेतून वाहत्या झाडाझुडपांवर बसून, समुद्र ओलांडूनच तिकडे गेले.

तेव्हापासून शेंदूर मॅडमच आणून देतात!

*

प्रॅक्टिकलला एका पोरीने कॅपुचिनचा आढळ लिहिला, 'ग्वारीघाट'.

"ॲमेझॉन कुठे, नर्मदा कुठे?" मॅडम कडाडल्या.

"मैडम, वहीं मेरा चश्मा ले गया था. यही शकल थी!"

शून्य मिळालं. पोरगी हटेना. "नंबर काट लीजिए, बयान नहीं बदलूँगी!"

मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, "अभ्यास नाही, पण कणा आहे. नक्की पृष्ठवंशीय!"

*

मग नवे प्राचार्य आले. त्यांना कपाटाच्या जागी स्मार्ट बोर्ड हवा होता. मोबाईलवर त्यांनी शोधून काढलं, की लेबलवरचं 'सीबस' हे नाव जुनं झालं. तुरेवाल्या कॅपुचिनांचं शास्त्रज्ञांनी आता वेगळं घर मांडून दिलंय, 'सॅपाजस' नावाचं.

"सोमवार को कॉलेज जाँचने कमिटी आ रही है. ग़लत नाम का बंदर दिखाएँगे? कबाड़ में डालो!"

"सर, लेबल बदलते ना मी. पाच मिनिटांचं काम," मॅडम म्हणाल्या.

"नहीं! जिसका नाम पुराना, वो बाहर!" लगेच त्याच शब्दांत सहीशिक्क्याची नोटीस लागली.

"काहून बाहेर?" मॅडम स्टाफरूममध्ये उसळल्या. "नाव शास्त्रज्ञांनी बदललं. त्याने काय अर्ज केला होता?"

कपाट रिकामं करायचा हुकूम रामदीनजींना. "साहब, आज मंगलवार है. नहीं उठेंगे."

बुधवारी पुन्हा हुकूम. "साहब, कल पूजा हुई, आज आराम कर रहे हैं."

शनिवारी प्राचार्य गरजले, "सोमवार को दिखा, तो मैं ख़ुद फेंकूँगा!"

*

सोमवारी कमिटी म्युझियमच्या दारात. अध्यक्ष एक वयस्कर, कडक बाई. शेजारी प्राचार्य.

कपाट सताड उघडं. माकड जागच्या जागी! आणि खालच्या फळीवर, पाय बाहेर सोडून, पोहरकर मॅडम. गळ्यात पुठ्ठ्याचं लेबल.

बाईंनी चष्मा चढवून मोठ्याने वाचलं, "पुराना नाम, कुमुद खोडे. शादी के बाद, कुमुद पोहरकर. कहाँ पाई जाती है? पहले अचलपुर, अब जबलपुर."

"ये क्या तमाशा है?" प्राचार्यांचा आवाज चिरकला.

"आप ही का आदेश है, सर," म्हणत मॅडमनी नोटीस पुढे केली. "जिसका नाम पुराना, वो बाहर. बंदर से पहले मुझे उठाइए."

बाईंनी नोटीस वाचली. पुन्हा वाचली. मग पर्स प्राचार्यांच्या हातात दिली, पदर खोचला आणि कपाटापाशी गेल्या.

"ज़रा खिसकिए, दीदी!"