साडूभाऊंच्या गुलाबी पुंगळ्या

आमच्या साडूभाऊंइतका विचार करून खरेदी करणारा माणूस दक्षिण गोलार्धात दुसरा सापडायचा नाही. उत्तर गोलार्धात एक होता, पण तोही हेच, इकडे येण्याआधीचे. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे ठाण्याचे, आता वीसेक वर्षं सिडनीत, क्वेकर्स हिलला राहतात आणि औषधांच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात आहेत. दिवसभर गोळ्यांची वजनं तपासायची आणि जी गोळी इतर गोळ्यांपेक्षा केसभर वेगळी वागेल तिला बाजूला काढायचं, हे त्यांचं काम. ते काम त्यांच्या अंगात इतकं भिनलंय की घरी आल्यावर ते जगालाही याच नजरेने बघतात. त्यांचा टोस्टर बिघडला तेव्हा नवा कुठला घ्यायचा याचा अभ्यास आठ महिने चालला होता. ताई, म्हणजे माझी मेहुणी, अजून सांगते, "आठ महिने मी तव्यावर ब्रेड भाजला. आणि यांनी शेवटी जो पसंत केला, तो तोवर बाजारातूनच गेला होता." राहतं घर घ्यायच्या आधी ते अकरा वेळा बघून आले. भर दुपारी, पावसात, शाळा सुटायच्या वेळेला. एकदा तर सोबत घडीची खुर्ची नेली आणि रिकाम्या हॉलमध्ये अर्धा तास डोळे मिटून बसून राहिले. घराचा आवाज ऐकत होते म्हणे. एजंट बिचारा बाहेर ओट्यावर उभा राहून त्यांची समाधी उतरायची वाट बघत होता.

त्यांचा एक नियम आहे. कुठलीही वस्तू घेण्याआधी तीन माणसांना विचारायचं. एक ती वापरणारा, एक ती वापरून परत केलेला, आणि एक ज्याला ती अजिबात नको आहे असा. "तिसऱ्याचं मत सगळ्यांत प्रामाणिक असतं, त्याला स्वतःचा निर्णय बरोबर होता हे सिद्ध करायचं नसतं," असं ते म्हणतात. गेली कित्येक वर्षं मी त्यांचा कायमचा तिसरा माणूस आहे. मी टूनगॅबीला राहतो, त्यांच्यापासून फार तर पंधरा मिनिटांवर, त्यामुळे मला टाळताही येत नाही. गाडीवरचं कॅरियर, गवत कापायचं यंत्र, बागेतला झोपाळा, यांतलं काहीही मला नको आहे असं मी गंभीर चेहऱ्याने सांगतो आणि ते वहीत उतरवून घेतात. एकदा हार्डवेअरच्या एका मोठ्या दुकानात ते स्क्रूंच्या कपाटासमोर इतका वेळ उभे होते की एका बाईंनी त्यांना तिथलाच नोकर समजून पडद्याच्या दांडीला काय लागेल असं विचारलं. साडूभाऊंनी वीस मिनिटं समजावून सांगितलं. बाई सामान घेऊन खूश होऊन गेल्या. साडूभाऊ मात्र रिकाम्या हातानेच घरी आले, कारण स्वतःसाठी कुठला स्क्रू हे अजून ठरत नव्हतं.

अशा माणसाने रायफल क्लबात जावं हे माझ्या तर स्वप्नातही आलं नसतं. घरात हाताएवढा कोळी निघाला तर हे त्याला केरभरणीवर घेऊन, तोंडाने "चल बाबा, चल" करत कुंपणापर्यंत पोचवून येतात. पण ऑफिसच्या कुणीतरी एका शनिवारी शहराबाहेरच्या रेंजवर नेलं, तिथे यांनी तीनशे मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडल्या, आणि घरी आले ते प्रेमात पडल्यासारखे. "निसर्ग, शांतता आणि मोजमाप," ते मला म्हणाले, "एकाच ठिकाणी तिन्ही कुठे मिळतात सांग." मग परवाना, कोर्स, बंदूक ठेवायची तिजोरी. तिजोरी निवडण्यात दीड वर्ष गेलं. ताईने फारसा विरोध केला नाही. "आमच्या घरातलं सगळ्यांत घातक हत्यार आजवर विळी होती," एवढंच ती म्हणाली, "आणि त्यांना तीही धरता येत नाही."

पण क्वालिटीचा माणूस सुखाने गोळ्या झाडेल तर शपथ. थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की विकतच्या एकाच खोक्यातली वीस काडतुसं वीस स्वभावांची असतात. एकात दारू कणभर जास्त, दुसऱ्यात कमी, आणि कागदावरची भोकं त्याप्रमाणे इकडेतिकडे. त्यांची झोप उडाली. क्लबातले जाणते लोक झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या उचलून घरी नेतात, त्या पुन्हा आकारात आणून स्वतःच्या हाताने मोजून भरतात, हे कळल्यावर त्यांनी तेच करायचं ठरवलं. ताई म्हणाली, "अहो, विकत मिळतात ना?" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "लाडूही विकत मिळतात. मग तू दिवाळीत का वळतेस?" त्या घरात या विषयावर पुढे कधी चर्चा झाली नाही.

आणि मग तो तक्ता सुरू झाला. नवशिक्याने कुठलं सामान घ्यावं, याचे त्रेचाळीस रकाने. पुंगळी दाबून आकारात आणणारा आणि तिच्यात गोळी बसवणारा प्रेस एका वेळी एकच काम करणारा, साधा घ्यावा, की एका दांडीत चार कामं उरकणारा? सगळं एकत्र मिळणारा संच घ्यावा की एकेक वस्तू निवडावी? दांडीचा तराजू की बॅटरीचा? या शेवटच्या प्रश्नावर तर ते मला एक अख्खा रविवार गराजमध्ये बसवून बोलले. बॅटरीच्या तराजूला पंख्याचा वारा लागला तरी आकडा हलतो, आणि दांडीचा तराजू खोटं बोलत नाही पण वेळ फार घेतो. मी म्हटलं, "साडूभाऊ, वेळ घेणारा आणि खोटं न बोलणारा तराजू तुमच्या घरी आधीपासून आहे." ते हसले नाहीत. वहीत "दांडीचा" असं लिहून त्यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं.

या तक्त्याची सगळ्यांत जास्त चेष्टा केली ती ग्रॅहमने. ग्रॅहम हा क्लबातला सर्वांत जुना माणूस. अठ्ठ्याहत्तरचा, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, बायको गेल्यापासून एकटा. त्यानेच साडूभाऊंना रायफल खांद्याला लावायला शिकवली. तो म्हणायचा, "मेट, सगळ्यांत साधा, सगळ्यांत जड प्रेस घे. बेंचला घट्ट आवळ. आणि सुरू कर. तुझा तक्ता पुरा होईपर्यंत मी वर गेलेला असेन." साडूभाऊ "नो वरीज" म्हणायचे आणि तक्त्यात एक रकाना वाढवायचे.

मग एका शनिवारी ग्रॅहमने त्यांना बाजूला घेतलं. त्याच्या डोळ्यांच्या मधोमध धूसर डाग धरला होता आणि तो वाढत चालला होता. सप्टेंबरमधली सीझनची शेवटची स्पर्धा खेळायची आणि परवाना आपणहून परत करायचा, असं त्याने ठरवलं होतं. पण तराजूचा काटा त्याला आता नीट दिसत नव्हता, त्यामुळे स्वतःची काडतुसं स्वतः भरायचं धाडस त्याच्यात उरलं नव्हतं. त्याने एक पत्र्याचा डबा साडूभाऊंच्या हातात दिला. आत पन्नास पुंगळ्या. त्याच्याच रायफलमधून वर्षानुवर्षं झाडलेल्या, तिच्या अंगाला बसलेल्या. "माझी शेवटची मॅच तू भर," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या हातची मी झाडणार नाही."

साडूभाऊंनी त्या आठवड्यात जे केलं ते आमच्या कुटुंबाच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे. त्यांनी तक्ता बंद केला आणि खरेदी केली. साधा, जड प्रेस. दांडीचा तराजू. प्रेसमध्ये बसवायचे साचे म्हणजे डाय, मोजपट्टी, दारूचं माप, एक जाडजूड पुस्तक. राहिला फक्त एक रकाना, पुंगळ्या स्वच्छ करायचं यंत्र. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घालून फिरवायचं, की पाणी आणि स्टीलच्या बारीक काड्या, हे काही केल्या ठरेना. तेव्हा त्यांनी घरातल्या जाणकार व्यक्तीचा सल्ला घेतला. पितळेतलं ताईपेक्षा जास्त कुणाला कळतं? देवघरातली समई, ताम्हन, तांब्या, पंचपाळं, सगळं चिंच आणि मीठ लावून ती असं लखलखीत करते की पाहुणे विचारतात नवीन आणलंत का. तिने सांगितलं, चिंचेचा कोळ, मूठभर मीठ, थोडा वेळ ठेवायचं आणि चोळायचं. आता "थोडा वेळ" हे माप क्वालिटीच्या माणसाला कसं चालावं? काम पक्कं व्हावं म्हणून यांनी पन्नासच्या पन्नास पुंगळ्या शुक्रवार संध्याकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत त्या कोळात बुडवून ठेवल्या. ताईच्या त्या दोन दिवसांत हॉस्पिटलमधल्या नोकरीत लागोपाठ पाळ्या होत्या आणि तिने गराजमध्ये डोकावलंही नाही, नाहीतर तिने थांबवलं असतं.

पुढच्या शनिवारी त्यांची गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून मीच त्यांना रेंजवर घेऊन गेलो. डबा मांडीवर.  वाटेत मी विचारलं, तेव्हा त्यांनी झाकण उघडून दाखवलं. पुंगळ्या चकचकीत होत्या खऱ्या, पण पिवळ्या नव्हत्या. छान गुलाबी, नव्या नवरीच्या गालासारख्या. "आज सकाळी वाचलं," ते म्हणाले. "आंबट आणि खारटात फार वेळ राहिलं की पितळेतलं जस्त निघून जातं. मागे उरतं ते तांबं, ठिसूळ. दिसायला सुंदर, भरायला धोक्याचं." मग झाकण लावलं. "त्याच्या आयुष्यभराच्या होत्या रे. मी चिंचेत घातल्या."

रेंजवर ग्रॅहम वाट बघत होता. त्याने एक पुंगळी उचलली, बोटांनी चाचपली, डोळ्याच्या कडेला धरून उजेडात फिरवली आणि त्याचा चेहरा खुलला. "ब्यूटी, मेट. आरशासारखी झाली." त्याला रंग कळला नव्हता.  साडूभाऊंनी गप्प राहून घरी परत येऊन हळूच नव्या पुंगळ्या भरल्या असत्या तर त्या म्हाताऱ्याला जन्मात कळलं नसतं. मी त्यांना कोपराने तसं सुचवलंही. पण साडूभाऊंनी खाकरून घसा साफ केला आणि सांगून टाकलं. चिंच, मीठ, दोन दिवस, गुलाबी रंग, सगळं. वर "माझी चूक, बायकोची नाही" हेही, जणू ग्रॅहम ताईवर खटलाच भरणार होता.

 ग्रॅहमने खिशातून पक्कड काढली आणि पुंगळीचं तोंड हळूच दाबलं. करकन तडा गेला. त्याने ती भंगाराच्या बादलीत टाकली, मग डबा उचलला आणि उरलेल्या एकोणपन्नासही तिच्यातच ओतल्या. तो आवाज मला अजून आठवतो. मग तो म्हणाला, "माझ्या बायकोने एकदा माझा सगळा दारूगोळा धुऊन वॉशिंग मशीनशेजारी वाळत घातला होता. तुझी चिंच काहीच नाही." आणि साडूभाऊंच्या दंडावर हात ठेवून, "आता मॅच तूच भरणार. आता तर नक्कीच तूच."

परत येताना साडूभाऊंनी मला बंदुकांच्या दुकानाशी थांबायला सांगितलं. मी मनाशी म्हटलं, झालं, आज इथेच मुक्काम. इंजिन बंद करून फोन काढला. चार मिनिटांत ते बाहेर आले, हातात नव्या पुंगळ्यांचं खोकं. ना वापरणाऱ्याला विचारलं, ना परत करणाऱ्याला, ना मला.  "चल," ते म्हणाले, "वेळ नाहीये." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

स्पर्धेच्या दिवशी कोवळं ऊन होतं आणि वारा पडलेला. ग्रॅहम पालथा झोपून, डोळ्याच्या कडेने काळा गोल पकडत नेम धरत होता, आणि नेम कुठे लागला हे त्याला दिसत नसल्याने साडूभाऊंना त्याच्या शेजारी दुर्बीण घेऊन बसायची परवानगी मिळाली होती. दहा गोळ्या. प्रत्येक गोळीनंतर ग्रॅहम विचारायचा, "कुठे?" आणि साडूभाऊ सांगायचे, "दहा. मधोमध." "नऊ, किंचित वर." सगळा क्लब मागे उभा होता. नऊ गोळ्या अशा गेल्या की तरुण पोरांनीही टोप्या काढल्या. दहावीला ग्रॅहमने फार वेळ घेतला. झाडली. "कुठे?"

साडूभाऊंनी दुर्बिणीला डोळा लावला आणि तसेच राहिले. मागे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांची एकच इच्छा होती, आणि ती त्यांना पाठीवर जाणवत असणार. "सात, मेट," ते म्हणाले. "उजवीकडे. हाताला झटका बसला."

ग्रॅहम हसला. "हो, मला बोटात कळलं होतं," तो म्हणाला. "तू दहा म्हणाला असतास तर आधीच्या नऊ गोळ्यांवरचाही माझा विश्वास उडाला असता." मग त्याने रायफलचा बोल्ट उघडला, शेवटची रिकामी पुंगळी काढून साडूभाऊंच्या तळहातावर ठेवली आणि त्यांनी आधार द्यायच्या आत स्वतःच उठून उभा राहिला.

त्याने परवाना परत केला त्याला आता वर्ष होत आलं. डोळ्यांचं मधलं सगळं गेलंय, कडेकडेचं थोडं उरलंय. तरी दर शनिवारी साडूभाऊ त्याला घरून उचलतात, घडीच्या खुर्चीत आपल्या शेजारी बसवतात आणि स्वतः झाडतात. ग्रॅहम डोळे मिटून बसलेला असतो. आवाज झाला की विचारतो, "कुठे?" आणि साडूभाऊ सांगतात. कधी कधी मीही जातो, मागे चहाचा थर्मास धरून उभा राहतो. मला त्या दोघांचा फार हेवा वाटतो. ग्रॅहमला कागद दिसत नाही, पण साडूभाऊ "आठ, डावीकडे" म्हणाले की तो मान डोलावतो, आणि त्याला ते भोक नेमकं कुठे पडलंय ते दिसलेलं असतं.