बटन सोड, कंट्रोल

फौजी बोलायला उभा राहिला की मानसं खुर्ची पुढं वढून बसतात. आता गोळी सुटनार, आता बॉम्ब फुटनार. तुमीबी तसंच बसला असाल तर टेका मागं. चार वर्सांच्या नोकरीत मी गोळ्या झाडल्या त्या रेंजवर, पुठ्ठ्याच्या मानसावर, आन् त्योबी बऱ्याचदा वाचला. माझं हत्यार म्हंजे रेडिओ सेटचं बटन.

मी शमुवेल, वाईचा. अग्निवीर म्हनून भरती झालो, पलटनीत रेडिओ ऑपरेटर झालो. शेवटचं पोस्टिंग उत्तरेला, बर्फातल्या एका पोस्टवर. नाव सांगायचं नसतं. माझी ड्यूटी सकाळी सहा ते दुपारी दोन. पोस्टच्या सेटला 'कंट्रोल' म्हनायचं आन् बाहेर गेलेल्या पार्टीला 'ब्राव्हो वन'. म्हंजे आठ तास मी कंट्रोल. घरी फोन केला, "आये, मला आता कंट्रोल म्हनतात." आई म्हनाली, "आधी जिभंवर ठेव."

आई आमच्या चर्चच्या मंडळीत बायकांची प्रार्थना घेती. तिच्याकडं सगळ्या दुखन्यावर एकच औषध, "प्रभूच्या हवाली कर." गॅस संपला, हवाली. माझी भरती अडली, हवाली. "नाव ठिवलं बायबलातल्या, देवाचं ऐकनाऱ्या शमुवेलाचं, निघाला बडबड्या," हेबी तिचंच.

मला नकलांची खोड. पाळकसाहेबांची प्रार्थना मी अशी करायचो की पोरं मधीच आमेन म्हनून पळायची. पन भारी व्हायची सुभेदार साहेबांची. साहेब जतचे. नाकातनं बोलायचे आन् वाक्यामागं "काय समजलास?" लावायचे. त्यावर सगळ्यात जास्त हसायचा लान्स नायक बापू. विट्याचा. त्याचे वडील, दोन भाऊ, सगळे लांबच्या शहरात सोनं गाळायच्या धंद्यात. हा एकटा फौजेत. म्हनायचा, "शम्या, भट्टीपुढं घाम गाळला असता तर गरम तरी राहिलो असतो रं."

पहिल्याच दिवशी सुभेदार साहेबांनी मला शिकवलं व्हतं. "बटन दाबलं की तू बोलतोस. सोडलं की ऐकतोस. दोन्ही एकदम व्हत न्हाई. काय समजलास?" मी "समजलो साब" म्हनालो. समजलो नव्हतो.

त्या दिवशी सहा जनांची पेट्रोल, म्हंजे गस्तीची पार्टी, साडेसहाला निघाली. सेट बापूकडं. अकरापर्यंत दर अर्ध्या तासाला रिपोर्ट, सगळं ओके. मंग हवा फिरली. ११.४० ला बापूचा आवाज आला.

"कंट्रोल, ब्राव्हो वन. समोरचं कायबी दिसंना. आडोसा बघतोय. ओव्हर."

"ब्राव्हो वन, रॉजर. लोकेशन सांग. ओव्हर."

उत्तर न्हाई.

मी परत बोलावलं. परत. मंग थांबलोच न्हाई. "ब्राव्हो वन, नाल्याकडं उतरू नका. डाव्या हातानं या. बापू, सगळे एकत्र राहा. बापू, ऐकतोयस का?" मनात प्रार्थना चालू व्हती, तीबी तशीच. प्रभू, वारा बंद कर. प्रभू, बॅटरी टिकव. प्रभू, त्यांना डावीकडनं आन. मी देवालाबी ऑर्डरच देत व्हतो. सेटवर मी कंट्रोल, वरबी मीच कंट्रोल.

१२.२० ला सुभेदार साहेब वायरलेसच्या खोलीत आले. दारातच उभं राहून ऐकलं.

"किती वेळ बोलतोयस?"

"चाळीस मिनटं, साब."

"आन् ऐकलंस किती?"

मी बटनाकडं बघितलं. बोट पांढरं पडलं व्हतं. दोन वाक्यांच्या मधी मी बटन सोडतच नव्हतो. बोलायचं थांबलो तरी दाबूनच धरलेलं. सोडलं तर सगळं हातातनं जाईल, असं वाटत व्हतं.

"बटन सोड, कंट्रोल," साहेब म्हनाले. मला सोडता येईना. त्यांनी माझं बोट धरलं आन् उचललं.

मंग नुसती खरखर. बोलायचं न्हाई, करायचं काय न्हाई. त्या टायमाला मी म्हनालो, प्रभू, तूच बघ. दुसरं काय सुचलंच न्हाई. आयुष्यात माझी सगळ्यात छोटी प्रार्थना.

१२.२९. "...ट्रोल. ब्राव्हो वन. शम्या, किती बोलतोस रं. मधी शिरायला जागाच न्हाई."

साहेबांनी मान वळवली. मी कागद पुढं वढला. बापूनं लोकेशन दिलं. जुन्या दगडी संगरच्या, म्हंजे मोर्चाच्या भिंतीच्या, खाली पाच जन बसलेत, ठीक हायत. तो सोता घसरून खाली गेलाय. पाय दगडात अडकलाय, रक्त जातंय. हे सगळं त्यानं हवामान सांगावं तसं सांगितलं. १२.३५ ला रेस्क्यू पार्टी निघाली.

"ब्राव्हो वन, पार्टी निघालीय. बोलत राहा. ओव्हर."

"मी कशाला? तू बोल. साहेबांची नक्कल कर की."

साहेब शेजारीच बसले व्हते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी खाली बघितलं आन् म्हनाले, "कर."

मी नाकातनं सुरू केलं. "बापू, पाय घेऊन यायचं, सरकारी माल हाय, काय समजलास?"

बापू हसला. मला नीट ऐकू आलं, कारन बटन सोडलेलं व्हतं. "समजलो साब," म्हनाला. "ओव्हर."

त्यानंतर त्याचा आवाज आला न्हाई. पार्टी १.५० ला पोचली. पाच जन चालत आले. बापूला आनलं.

मी डॉक्टर साहेबांना विचारलं, चाळीस मिनटं आधी निघाले असते तर? ते खरं बोलनारे मानूस. म्हनाले, "सांगता येत न्हाई."

माझी चार वर्सं संपली. आता वाई-महाबळेश्वर टॅक्सी चालवतो. सकाळी गाडी काढायच्या आधी प्रार्थना करतो. एक-दोन वाक्यं, मंग गप बसतो. रेडिओवाल्यांच्या भाषेत आमेनला ओव्हरच म्हनतात, म्हंजे आता तू बोल. गिऱ्हाईक मिळू दे न्हाई तर न मिळू दे, घाटात धुकं येऊ दे, हवाली करायला जमाय लागलंय. पाळकसाहेबांनी मंडळीत साक्ष द्यायला उभं केलं, तवा पाच जन वाचल्याचं सांगितलं. सगळे हालेलुया म्हनाले. चाळीस मिनटांचं मी बोललो न्हाई. बाकी सगळं प्रभूला दिलं, तेवढं खिशात ठिवलं.

बापूला जाऊन आठ मैनं झाले तवा विट्याला गेलो. त्याची आई चुलीपुढं भाकरी थापत व्हती. नाव सांगितलं. "बस," म्हनाली. मी बसलो न्हाई. उभ्यानंच सगळं सांगितलं. बटन, बोट, चाळीस मिनटं, शेवटची नक्कल.

"मावशी, त्यो बोलवत असंल. मला ऐकू आलं न्हाई. माझ्यामुळंच..."

तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उचलली न्हाई.

"आठ मैनं ह्ये घिऊन हिंडतूयास?"

"व्हय."

"कोन रं तू?" तिचा आवाज चढला. "माज्या लेकाचा जीव तुज्या बोटात व्हता व्हय? येवडा मोटा कवापास्नं झालास? आन् तुज्या देवाला काय काम ठिवलंस? त्येनं नुसतं वर बसायचं? माजं लेकरू गेलं. त्ये माजं मी आन् माजा देव बगून घेऊ. तू मधी बसू नगंस. बापू फोनवर सांगायचा, वाईचं येक किरिस्ताव पोरगं हाय, लय हसवतंय. आठ मैनं मी त्या पोराची वाट बगतीया. आन् आलंय कोन, तर ह्ये रडकं! तिकडं हात धू. भाकरी खा. मंग माज्या पोराला शेवटाला कसं हसवलंस, त्ये करून दाव. उबा काय ऱ्हायलास, मुडद्या, बस की खाली!"