मोनिका मॅडमचा पेपर

रोहिदास आमच्या लाइनवरचा ऑपरेटर. चाकणजवळच्या गावचा, घरी थोडी शेती, बारावीनंतर थेट कंपनीत. स्वभावाने गरीब, पण एका बाबतीत हट्टी: इंग्रजी यायलाच पाहिजे. परदेशातून पाहुणे आले की साहेब लोक त्याच्याच मशीनसमोर उभे राहून त्याच्याच कामाबद्दल बोलायचे आणि याला मान हलवण्यापलीकडे काही करता यायचं नाही. ते त्याला फार लागलं होतं.

मग एचआरला मोनिका मॅडम आल्या. राहायला सांगवीला. त्यांनी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनमध्ये इंग्रजीचा वर्ग सुरू केला. पुस्तक नाही, व्याकरण नाही. मॅडम घरून इंग्रजी पेपर आणायच्या. एकेकाने एक बातमी मोठ्याने वाचायची, त्यातला एखादा शब्दप्रयोग उचलायचा आणि आपल्या कंपनीवर वाक्य करायचं. सुरुवातीला बरेच जण होतो, चहा-बिस्किटं फुकट म्हणून. मी लवकरच गळालो, रोहिदास टिकला. वर्ग संपला की तो पेपर मागून घरी न्यायचा आणि पुन्हा वाचायचा. अग्रलेखापासून क्रिकेटपर्यंत ओळ सोडायचा नाही. बायको हर्षाली वैतागायची. दूध उतू चाललंय म्हणून तिने हाक मारली तर हा म्हणे, "सिच्युएशन इज अंडर कंट्रोल." ओटा पुसायला मात्र तीच.

आम्ही थट्टा करायचो, पण त्याचं वजन वाढलं होतं हे खरं. व्हॉट्सॲपवर चाकणमधली कुठली ना कुठली कंपनी रोज बंद पडते. असलं काही आलं की लोक रोहिदासला विचारायचे, "पेपरात हाय का?" तो नाही म्हणाला की विषय संपला.

दिवाळीनंतर आमची लाइन दुसऱ्या राज्यात हलवणार अशी कुजबुज सुरू झाली. त्याच सुमारास नवनाथला तळेगावच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. नवनाथ शेजारच्या मशीनवरचा, रोहिदासचा जिवलग. दोघांचा डबा एकत्र. पोरं इथल्या शाळेत, त्यामुळे हलायचं त्याच्या जिवावर आलेलं. त्याने माझ्यासमोरच विचारलं, "जाऊ का राहू? तुझ्या पेपरात काय आलंय का आपल्या कंपनीचं?"

"न्हाई," रोहिदास म्हणाला. "मी रोज सगळा पेपर वाचतो. येवढी मोठी गोष्ट आसती तर आली आसती."

नवनाथने तळेगावला नकार कळवला.

फेब्रुवारीत रोहिदास हर्षालीला घेऊन आळंदीला गेला. परतीच्या बसची वाट बघताना त्याने पहिल्यांदाच स्वतः इंग्रजी पेपर विकत घेतला. हातात घेतल्यावर तो त्याला जाड वाटला. मधे उद्योगधंद्यांची वेगळी, सुटी पानं होती. मॅडमच्या पेपरात ही पानं त्याने कधी पाहिलीच नव्हती, पेपर एवढाच असतो असं तो समजून चालला होता. आणि तिथेच आमच्या कंपनीचं नाव होतं. चाकणची लाइन जूनमध्ये बंद, यंत्रं दुसऱ्या राज्यात. दिवाळीआधी याच पेपराने दिलेल्या बातमीला कंपनीने आता दुजोरा दिला, असंही पुढे लिहिलं होतं. वाचताना त्याला एकही शब्द अडला नाही.

सोमवारी तो मॅडमकडे गेला. मी सोबत होतो.

"मॅडम, मधली पानं काढून पेपर द्यायचा का तुमी?"

मॅडम कॉम्प्युटरकडे बघत राहिल्या. "मला वरून सांगितलं होतं, रोहिदास. आणि त्या पानांची भाषा तुम्हा लोकांना जड गेली असती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही बाई रोज घरी बसून आमच्या पोटापाण्याच्या बातम्यांची पानं बाजूला काढणार, आणि उरलेल्या पानांवर आम्हाला शिकवून वर शाबासकी देणार. शिवी अगदी ओठावर आली होती. रोहिदास नुसता "बरं" म्हणून बाहेर पडला. जिन्यात म्हणाला, "मला वाटायचं, मॅडमला माझं कवतिक हाय."

तिथून तो सरळ नवनाथकडे गेला. आळंदी, मधली पानं, मॅडमचं उत्तर, सगळं सांगितलं. तळेगावची जागा केव्हाच भरली होती. नवनाथने मशीन पुसता पुसता सगळं ऐकून घेतलं.

"तुला ठाऊक न्हवतं?"

"पोरांची शपथ, न्हाई."

"आमाला ठाऊक न्हवतं हे पटतंय, भावा. तू तर रोज वाचत हुतास."

मी मध्ये पडलो. मॅडम स्वतः कबूल झाल्यात म्हणून सांगितलं. नवनाथने माझ्याकडे बघितलंही नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. दोन दिवसांत अख्खी लाइन बोलू लागली की रोहिदास मॅनेजमेंटचा माणूस, त्याला आधीच सगळं माहीत होतं. मॅडमना कुणी काही बोललं नाही. त्या साहेबांतल्याच, त्यांच्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती. सगळा राग आपल्यातल्या माणसावर निघाला.

मला बघवेना. शिफ्ट सुटल्यावर गेटपाशी त्याला गाठून म्हटलं, "एक काम कर. वाचलं होतं पण कळलं नाही, तेवढं इंग्रजी मला येत नाही, असं सांगून टाक. हसतील दोन दिवस, पण माफ करतील."

रोहिदासने मान खाली घातली.

"पण मला येतं," तो म्हणाला.